शेवट दादा सांगायचा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींना मी सहज विचारलं, "मग, डॉक्टरच निघाला ना खुनी?" आणि ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं, चष्म्याचा नंबर चुकला. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लोकांना खुर्चीत बसवायचं, जड फ्रेम नाकावर ठेवायची, भिंगं घालायची, काढायची, "हे बरं की ते बरं?" विचारायचं. घड्याळजी मागच्या आठवड्यात आले तेव्हा स्वतःच्याच चष्म्यावर बसून आले होते आणि हातात ही रहस्यकथा होती, शेवटचं प्रकरण राहिलेली. तक्ता वाचून कुणाचं भलं झालंय, मला या पुस्तकातली अक्षरं दिसली म्हणजे झालं, म्हणाले. पुस्तक बघून मला हसूच आलं. काही वर्षांपूर्वी मी ते वाचलं होतं. खुनी कोण ते सांगू का, म्हणून त्यांना छळलंही. आणि आज ते चष्मा छान झाला हे सांगायला आले, तर मी हा प्रश्न विचारला. "डॉक्टर?" ते म्हणाले. "डॉक्टर कशाला? खूनच नाही झाला हो. म्हातारीने स्वतःच विष घेतलं. वर सगळ्यांवर संशय येईल अशी व्यवस्था करून ठेवली. का, तर मेल्यावर तरी चार लोकांनी आपली चौकशी करावी." मी म्हटलं, नक्की? "अहो, तुम्हीच दिलेल्या चष्म्यातून वाचलंय," ते म्हणाले, आणि पट्टा तुटलेलं कुणाचं तरी घड्याळ खिशातून काढून वेळ बघून निघून गेले.

नंतर एक बाई आल्या, त्यांना मी उजव्या डोळ्याऐवजी दोनदा डावाच झाकायला लावला. त्या भल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. मालक मात्र काउंटरवरून म्हणाले, "आज तुमचेच डोळे तपासायला हवेत." बाहेर पानगळ चालू होती. दुकानाच्या काचेला पानं येऊन चिकटायची आणि घसरायची, ती मी झाडून काढायची, की पुन्हा येऊन चिकटायची. माझ्या डोक्यात ती म्हातारी आणि तिचं ते मोठं घर फिरत होतं. मला त्या पुस्तकाचा शेवट पक्का आठवत होता. डॉक्टर सापडतो, पोलीस त्याला घेऊन जातात, आणि म्हातारीने भांडून काढून टाकलेली कामवाली परत येते, घराच्या खिडक्या उघडते आणि उपाशी मांजराला दूध घालते. त्या कामवालीने आधी दार कसं ढकललं, हेसुद्धा मला आठवत होतं. फक्त मी ते वाचलेलं नव्हतं. मला ते दादाने सांगितलं होतं.

हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून सहसा मी सांगत नाही. मी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचत नाही. कधीच वाचलेलं नाही. लहानपणी आमच्या दोघांत वाचनालयाचं एक कार्ड होतं, म्हणजे आठवड्याला एक पुस्तक. दादा मोठा, त्यामुळे आधी तो, आणि तो वाचायचा वाऱ्यासारखा. मग उरलेल्या दिवसांत मी, बोट ठेवून, एकेक ओळ चावत. पुस्तक परत करायच्या दिवशी माझं शेवटचं प्रकरण हमखास राहिलेलं असायचं. मी रडकुंडीला यायचे. दादा म्हणायचा, "चल बारके, सांगतो रस्त्यात." आणि वाचनालयापर्यंत चालता चालता तो शेवट सांगायचा. शेवट मोठा असला तर आम्ही लांबच्या रस्त्याने जायचो. हात हलवून, आवाज बदलून, मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे बघून तो असा सांगायचा की पुढे स्वतः वाचण्याइतका वेळ मिळायला लागला तरी मला ते नको वाटायचं. छापलेला शेवट म्हणजे नुसती अक्षरं. मग तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, त्याचं लग्न झालं, माझं ठरता ठरता मोडलं, आई गेली, बाबा गेले, पण हे टिकलं. दोघांनी आपापल्या गावच्या वाचनालयातून एकच पुस्तक आणायचं आणि माझं शेवटच्या प्रकरणाशी आलं की मी फोन करायचा. "हं, कुठपर्यंत आलीस? नीट सगळं सांग, नाहीतर मी चुकून पुढचं बोलून जाईन," असं तो म्हणायचा. मग मी सगळं सांगायचे, अगदी कुणी कुठला कोट घातला होता इथपर्यंत. आणि मग तो सांगायचा. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, प्रवासवर्णनं, जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या, आम्हाला काही वर्ज्य नव्हतं. फक्त कवितेच्या वाटेला तो गेला नाही. "कवितेला शेवट नसतो, ती नुसती थांबते," म्हणायचा. "तुझं तू थांब."

उन्हाळा सरता सरता दादाला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. जीव वाचला हेच नशीब, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. दवाखान्यात मी बघून आले तेव्हा तो गुंगीत होता. घरी आणल्यावर मी निघणार तर वहिनीचा फोन आला. "वन्सं, इतक्यात नका येऊ. माणूस दिसलं की बोलायला जातात, शब्द फुटत नाही, मग लहान मुलासारखे रडतात. तुम्हाला बघून तर फारच होईल. थोडं सावरू दे." मी बरं म्हटलं. बरं म्हणायला काय लागतं. त्या दिवसापासून माझी पुस्तकं शेवटाशी येऊन थांबायला लागली. या पानगळीत मी वाचलं तेवढं एरवी वर्षात वाचत नसेन. एका राणीचं चरित्र, डोंगर चढणाऱ्या माणसाचं प्रवासवर्णन, भुताच्या गोष्टींचा संग्रह, परग्रहावर वस्ती करायला निघालेल्या कुटुंबाची एक अचाट कादंबरी. राणी अजून आजारी आहे. डोंगरवाला शिखराखाली तंबूत बसून हवा सुधारण्याची वाट बघतोय. ते कुटुंब अजून वाटेतच आहे. वाचनालयात परत करायची वेळ येईपर्यंत मी ती पुस्तकं उशाशी ठेवायची आणि मग तशीच देऊन टाकायची. संध्याकाळी दुकानातून घरी आलं की दिवा लावायचा, एकटीपुरतं काहीतरी शिजवायचं, आणि खुर्ची फोनजवळ. खुर्ची तिथून हलवायचं माझ्या लक्षातच येत नव्हतं. त्या पुस्तकांतल्या माणसांचं पुढे काय झालं हे जगात कुणालातरी ठाऊक असणार असं मी धरून होते, फक्त त्याला बोलता येत नव्हतं. एकटं वाटण्याची मला सवय आहे, त्याचं मी कधी भांडवल केलं नाही. पण हे एकटेपण नवं होतं. आपण कुणालातरी काहीतरी सांगतोय आणि समोरून नुसताच श्वास ऐकू येतोय, असं मला चालता बोलता, भिंगं पुसताना, कधीही वाटायचं.

घड्याळजी येऊन गेले त्या दिवशी दुकान सुटल्यावर मी तडक वाचनालयात गेले. आमच्या ग्रंथपालबाईंना मी मनातल्या मनात चिडीचूप म्हणते, कारण त्यांचं बोट कायम ओठावर असतं. ती रहस्यकथा मी मागितली, त्यांनी दुसरी प्रत काढून दिली, आणि मी तिथेच उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. चोरी करत असल्यासारखं मी इकडेतिकडे बघून घेतलं. घड्याळजी बरोबर होते. म्हातारीने स्वतःच. कामवाली आली नव्हती. मांजराचं काय झालं ते लेखकाने सांगितलंच नव्हतं.

मग मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी गेले, त्याच्या पुढच्या दिवशी गेले. दादाने शेवट सांगितलेली पुस्तकं आठवून आठवून मागायला लागले, आणि प्रत्येकाचं फक्त शेवटचं प्रकरण वाचून तिथेच परत देऊ लागले. चिडीचूपबाई म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकं शेपटाकडून खाता का हो?" हे त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की त्यांनी स्वतःच बोट ओठावर ठेवलं. लहानपणीची खजिन्याची गोष्ट जशीच्या तशी निघाली. समुद्रावरची कादंबरी, ती राजवाड्यातल्या कटाची, तीही. दादाने शब्दन् शब्द खरं सांगितलं होतं, आणि मला रस्ता, त्याचा हात, पुस्तकाला घातलेलं खाकी कव्हर, सगळं दिसलं. आणि मग अलीकडे यायला लागलं तसं फिसकटत गेलं. भुताच्या गोष्टीत दादाने सांगितलेलं की भूत शेवटी घरातल्या आजारी मुलीशी गप्पा मारत बसतं. छापलेल्या गोष्टीत मुलगी घर सोडून जाते आणि रिकाम्या घरात भूत एकटं राहतं. प्रवासवर्णनातला वाट चुकलेला माणूस दादाकडे एका मेंढपाळाला भेटला होता. पुस्तकात त्याला कुणी भेटत नाही, तो आपला आपण सापडतो. कमाल म्हणजे एक आत्मचरित्र. दादा म्हणाला होता, लेखकाचा तुटलेला भाऊ शेवटी त्याच्या दारात येऊन उभा राहतो. पुस्तकात शेवटच नव्हता. लेखक मध्येच वारला होता आणि प्रकाशकाने तसं दोन ओळींत कळवलं होतं. आता आत्मचरित्राचाही शेवट खोटा सांगणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी तिथे टेबलापाशी बसून एकटीच हसले आणि चिडीचूपबाईंनी माझ्याकडे बघितलं तेव्हा माझे डोळे भरलेले होते.

सगळ्या शेवटांत कुणीतरी येत होतं. हे मला घरी जाताना रस्त्यात लक्षात आलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हणजे त्याला माझी कीव येत होती. बारकी एकटी राहते, बारकीचं कुणी नाही, तिला एकट्या माणसांचे शेवट झेपायचे नाहीत, म्हणून दादासाहेब काटछाट करून, साखर पेरून मला सांगत होते, आणि मी मोठ्या बाप्यांच्या डोळ्यांत दिवा मारणारी बाई, लहान पोरीसारखी फोनला कान लावून "मग? मग?" करत होते. एवढ्या वर्षांत त्याने ताकास तूर लागू दिली नाही. वहिनीशीही बोलला असेल, दोघं हसले असतील, नसतील हसले तर हळहळले असतील, आणि ते तर त्याहून वाईट. जगात एका माणसासमोर मी बिचारी नव्हते, असं मी धरून चालले होते. पाय पानांत जात होते, पानं ओली होती, चपला भरल्या. घरी येऊन मी खुर्ची फोनपासून उचलून खिडकीशी नेऊन ठेवली. मग तिथे बसवेना. दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून उभीच राहिले. आणि खरी आग कसली होती तर भांडायला तो उरला नव्हता. आहे आणि नाही. विचारलं असतं तर त्याने तोंड उघडलं असतं आणि नुसता आवाज आला असता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी वहिनीला न कळवता निघाले. पिशवीत वाचत असलेली कादंबरी होती, प्रवासात लागते म्हणून. दार वहिनीने उघडलं आणि मला बघून ती नुसती बाजूला झाली. ती बारीक झाली होती. दादा आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत झोपलेला होता, तोंड थोडं उघडं, उजवा हात उशीवर ठेवून दिलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी स्वयंपाकघरात वहिनीसमोर बसले आणि ठरवून आलेलं विचारून टाकलं. "वहिनी, दादा मला पुस्तकांचे शेवट खोटे का सांगायचा?"

वहिनी हातातली वाटी पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी वाचलेलीच नव्हती हो ती पुस्तकं. दिसायचं कुठे त्यांना."

मला कळेना. ती म्हणाली, "काही वर्षांपासून नजरेतलं मधलं जायला लागलं होतं. कडेचं दिसायचं, समोर धरलं की तिथेच पुसल्यासारखं. दोन डॉक्टर झाले. याला चष्मा नाही म्हणाले." मला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. असे डोळे मी आठवड्याला एखाद दुसरे बघते. खुर्चीत बसलेलं माणूस तिरकं तिरकं बघत अक्षर पकडायला जातं आणि मी मालकांना नुसती खूण करते, की यांना आपल्याकडचा चष्मा उपयोगाचा नाही. माझा सख्खा भाऊ, आणि दिव्याखाली हा अंधार. मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, तिला कळलं तर ती मला दुकानात नेऊन खुर्चीत बसवील, तक्ता वाचायला लावील, आणि मग माझ्याशी पुस्तकांचं बोलायची बंद होईल. दया म्हणून तब्येतीचं विचारत बसेल." वहिनीने वाटी खाली ठेवली. "तुमचा फोन यायचा दिवस असला की सकाळपासून दाढीबिढी करून तयार. तुम्ही सगळं सविस्तर सांगायचात ना, तेच त्यांचं वाचन. शेवट तिथल्या तिथे रचायचे. नंतर मला पहिल्यापासून ऐकवायचे आणि विचारायचे, जमला का? मी म्हणायचे, जमला. मला तरी काय कळतंय. पण वन्सं, दिवसभर मी कामावर. इथे ते एकटे. रेडिओ लावायचे नाहीत, म्हणायचे, तो माझं ऐकत नाही."

रस्ताभर तयार केलेलं भांडण कामाचं उरलं नव्हतं. कीव नव्हती. म्हातारीच्या घरी कामवाली आणणारा, भुताला पोरगी देणारा, मेलेल्या लेखकाच्या दारात भाऊ उभा करणारा माणूस माझ्यासाठी काही करत नव्हता. खिडकीशी बसून तो स्वतःच वाट बघत होता. एकटी मी आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते आणि ते कुणाला वाटून द्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. फोन ठेवताना मी कायम आधी ठेवायचे. "चल, दूध उतू जाईल," असं काहीतरी म्हणून.

आतून आवाज आला. दादा जागा झाला होता. मी दारात उभी राहिले तर त्याने मान वाकडी करून, कडेने, मला पकडलं, आणि वहिनी म्हणाली होती तसंच झालं. तोंड हललं, घशातून काहीतरी ओढत आलं, शब्द झाला नाही, आणि डोळ्यांतून पाणी. मी जवळ जाऊन स्टूल ओढलं. कशी आहेस, कसा आहेस, हे आमच्यात कधी नव्हतं. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हटलं, "दादा, कुठपर्यंत आले ते सांगते. नीट ऐक."

एका डोंगरावर हवामानाचं केंद्र असतं. तिथे एक माणूस. हिवाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होतो, बरोबरचा सहकारी खाली अडकतो, आणि हा वर एकटा. रोज वारा, थंडी, दाब मोजायचा आणि वायरलेसवर खाली कळवायचा. एक दिवस पलीकडून उत्तर यायचं बंद होतं. यंत्र बिघडलंय की ऐकणारं कुणी उरलं नाही, हे त्याला कळत नाही. तरी तो रोज सांगतो. आधी नुसते आकडे. मग आकड्यांबरोबर थोडं इकडचं तिकडचं. त्याने दाढी केली ते. बर्फात कसले तरी पाय उमटले होते ते. मी सांगत गेले आणि दादाचं रडणं थांबलं. त्याने डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर हळूहळू चालत होती. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. सांगता सांगता मी शेवटच्या प्रकरणाशी आले आणि सवयीने थांबले.

फोनवर इथे तो खाकरायचा. आता नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मला समजलं की ते पान मलाच उघडायचंय. मी उघडलं. प्रकरण लहानच होतं. मोठ्याने वाचलं. बर्फ वितळतं, रस्ता मोकळा होतो, माणसं वर जातात. खोली नीटनेटकी, अंथरूण घडी केलेलं, आणि तो टेबलाशी बसलेला, केव्हाच गेलेला. यंत्र पलीकडून ठीक होतं की नाही, ते लेखक सांगत नाही. संपलं.

दादाने डोळे उघडले आणि मान हलवली. नाही.

"नाही काय? इथे लिहिलंय तसं."

नाही. डावा हात दांडीवर आपटला. तो चिडला होता. लहानपणी मी गोष्टीत मध्ये बोलले की चिडायचा तसा. मी वहिनीकडे बघितलं, तिने खांदे उडवले. मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. "बरं. मग माणसं आधीच पोचतात?" नाही. "तो स्वतःच उतरून येतो, बर्फातून?" नाही, नाही, आणि वर एक तुच्छतेचा आवाज, की एवढंही सुचू नये. "वायरलेसवर उत्तर येतं?"

मान थांबली. तिरकी नजर माझ्या कानाच्या आसपास कुठेतरी मला शोधत होती.

"ऑफिसातून?" नाही. "त्या सहकाऱ्याचं?" नाही. "बायकोचं?" वहिनी दारात हसली, आणि दादाही तोंडाच्या एका बाजूने हसल्यासारखा झाला. पण नाही. मग मी स्टूल आणखी जवळ ओढलं. मला माहीत होतं. "बहिणीचं?" मी विचारलं.

त्या पुस्तकात बहीण नव्हती. पहिल्या पानापासून नव्हती. दादाने मान हलवली. हो. पुन्हा, हो. मग डावा हात पुढे करून त्याने चाचपडत माझ्या मांडीवरचं पुस्तक मिटलं, वहिनीच्या दिशेने ढकललं, आणि खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून घेतले. बोटं दांडीवर पुन्हा चालायला लागली. तो थांबला होता, मी सांगावं म्हणून. ती बहीण काय बोलते ते काही त्याने ठरवून दिलं नव्हतं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "ती म्हणते, ऐकू येतंय. सगळं पहिल्यापासून ऐकू येत होतं." आणि हे खोटं आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.